बर्फावरून आलेले निरोप

आज आपल्याला उत्तर ध्रुवाकडे जायचं आहे. पण मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे मला तिकडं जायची वाट आमच्या शेतातूनच सापडते.

साधारण १९८० ची गोष्ट असेल. आमचं शेत जालना रस्त्याला, चिकलठाण्यापासून सायकलच्या टप्प्यात. दिवाळी होऊन गेली होती, ज्वारी गुडघ्याला लागत होती. एके सकाळी ज्वारीत फाटलेल्या रबरी फुग्याची लक्तरं पडलेली दिसली. त्याला लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला पुठ्ठ्याची पांढरी पेटी. आम्हा पोरांना तर खजिनाच गवसला. पेटी फोडून आत काय आहे ते बघायचं, एवढंच डोक्यात. तेवढ्यात अब्बा आले. पेटीवर चिठ्ठी डकवलेली होती, हवामान खात्याचं उपकरण असल्याची. त्यांनी ती सावकाश वाचली आणि म्हणाले, ‘‘हात लावू नका. ही कुणाची तरी अमानत आहे.’’

पेटी कॅरिअरला बांधून त्यांनी ती वेधशाळेत पोचती केली. तिथल्या माणसानं त्यांना चहा पाजला आणि समजावून सांगितलं, की वर जाताना ही पेटी हवेचं तापमान, दाब आणि ओल मोजते आणि बिनतारी यंत्रानं खाली कळवत राहते. फुगा फुटला की तिचं काम संपलं. अब्बा पुढं कितीतरी वर्षं सांगत, ‘‘पेटीत माणूस नव्हता, पण ती बोलत होती. खाली कुणीतरी कान लावून बसलं होतं म्हणून बोलत होती.’’

आता ड्रोन हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोचला आहे. लग्नाचं चित्रीकरण ड्रोननं होतं, फवारणी ड्रोननं होते. आर्क्टिकच्या बर्फावर, बर्फाखाली आणि बर्फावरच्या हवेत आज अशीच माणूस न बसलेली यंत्रं संशोधनासाठी फिरतात. हे काहीतरी अगदी नवं आहे, असं आपल्याला वाटतं. पण ही गोष्ट निदान १४० वर्षांची आहे. आणि तिची सुरुवात झाली एका विजारीपासून.

१८७९ साली ‘जेनेट’ नावाचं अमेरिकन जहाज ध्रुवाच्या शोधात निघालं आणि सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात अडकलं. जवळजवळ दोन वर्षं बर्फानं त्याला धरून ठेवलं आणि जून १८८१ मध्ये चिरडून बुडवलं. ३३ माणसांपैकी २० जण परत आले नाहीत. गोष्ट इथं संपायची. पण १८८४ साली ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला, म्हणजे आर्क्टिकच्या पार दुसऱ्या बाजूला, बर्फावर काही सामान सापडलं. कप्तानाच्या सहीची शिध्याची यादी आणि एका खलाशाचं नाव लिहिलेली मेणकापडाची विजार. सैबेरियाकडची विजार ग्रीनलंडला कशी आली? तिला कुणी आणलं नव्हतं. बर्फानंच आणलं होतं.

नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन या तरुण संशोधकानं त्यातला निरोप वाचला. ध्रुवावरचा बर्फ स्थिर नाही, तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वाहतो आहे. मग त्यानं उलटी युक्ती केली. बर्फाशी झुंजण्याऐवजी बर्फात मुद्दाम अडकणारं ‘फ्राम’ नावाचं गोलसर बुडाचं जहाज बांधून घेतलं. बर्फानं दाबलं की ते चिरडायचं नाही, वर उचललं जायचं. सप्टेंबर १८९३ मध्ये ते बर्फात गोठलं आणि ऑगस्ट १८९६ मध्ये स्पिट्सबर्गेनजवळ मोकळं झालं. तीन वर्षं बर्फानं त्याला वाहून नेलं. त्या मोहिमेतला एकही माणूस दगावला नाही. आजही आर्क्टिकच्या बर्फावर तरंगती यंत्रं सोडून देतात आणि ती वाहत जाता जाता हवेचा दाब आणि तापमान कळवतात. १९७९ पासून असं तरंगत्या यंत्रांचं जाळं तिथं आहे. त्या सगळ्यांची पणजी म्हणजे ती विजार.

मराठीत ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक कुणाकडून आलेला सांगावा आणि दुसरा शेवटची भेट. आर्क्टिकच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ फार जवळजवळ राहतात.

११ जुलै १८९७ रोजी सालोमन आंद्रे हा स्वीडिश अभियंता निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल या दोन तरुणांना घेऊन स्वालबार्ड बेटांवरून हायड्रोजनच्या फुग्यात बसला. फुग्यातून ध्रुव ओलांडायचा, असा बेत. बरोबर कबुतरं होती. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला आणि तिघांचा पत्ता लागेना. एकच कबुतर हाती लागलं, तेही एका जहाजावरच्या लोकांनी गोळी घालून पाडलं म्हणून. त्याच्याजवळ १३ जुलैची चिठ्ठी होती. सगळं ठीक आहे, ही तिसरी कबुतरडाक आहे, असं तिच्यात लिहिलेलं. पहिल्या दोन डाका कुणालाच मिळाल्या नाहीत.

३३ वर्षांनी, ऑगस्ट १९३० मध्ये, क्वितोया नावाच्या बर्फाळ बेटावर त्यांचा तळ सापडला. तिघांची हाडं, रोजनिशा आणि कॅमेऱ्याच्या फिल्मी. फुगा उतरल्यावर जवळजवळ तीन महिने ते बर्फावर होते आणि त्या हालांतही नोंदी करत होते. स्टॉकहोममध्ये त्या फिल्मी हलक्या हातानं धुतल्या, तेव्हा ९३ छायाचित्रं वाचवता आली. त्यांतल्या एकात आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं आहेत. त्यांनी मोजलं, लिहिलं, टिपलं. फक्त ते घेऊन यायला कुणी वेळेवर पोचलं नाही.

यापुढची गोष्ट नी-आलेसुंड या गावातली आहे. हे नाव ध्यानात ठेवा, कारण पुढं आपल्याला तिथंच परत यायचं आहे. स्वालबार्डमधलं हे गाव ७९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित अलीकडे, ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर. मे १९२६ मध्ये रोआल्ड अमुंडसेन आणि इटलीचा उंबेर्तो नोबिले इथून ‘नोर्गे’ नावाच्या हवाई जहाजातून निघाले आणि ध्रुवावरून थेट अलास्काला उतरले. त्यांचं जहाज ज्याला बांधलं होतं तो लोखंडी मनोरा आजही गावात उभा आहे. दोन वर्षांनी नोबिले ‘इटालिया’ हे दुसरं हवाई जहाज घेऊन तिथूनच गेला. ध्रुव गाठून परतताना, २५ मे १९२८ रोजी, ते बर्फावर आदळलं. त्यात १६ माणसं होती. काही बर्फावर फेकली गेली आणि सहा जणांना घेऊन फाटकं जहाज पुन्हा वर उडून गेलं. त्या सहांचा मागमूस कधीच लागला नाही.

बर्फावर पडलेल्यांकडे एक लहानसं बिनतारी यंत्र होतं. ब्याजी नावाचा त्यांचा तारायंत्रवाला रोज हाक देत होता. मोहिमेच्या मदतीसाठी एक जहाज जवळच नांगरून होतं, पण त्याला ती हाक ऐकू गेली नाही. त्यांनी हे लोक गेलेच असं धरलं होतं. मग ३ जून रोजी ती हाक ऐकली कुणी? शेकडो मैलांवर, रशियातल्या एका खेड्यात, निकोलाय श्मिट नावाच्या हौशी तरुणानं. घरी जुळवलेल्या रेडिओवर तो कान लावून बसला होता. त्यानं कळवलं आणि शोध सुरू झाला. १६ पैकी आठ जण वाचले. त्यांना शोधायला विमानानं निघालेला अमुंडसेन मात्र १८ जूनला बेपत्ता झाला, तो परत आलाच नाही.

मी रेडिओवर बोलतो आहे, म्हणून ही गोष्ट मला विशेष जवळची वाटते. जवळचं जहाज बहिरं ठरलं आणि दूरच्या खेड्यातला पोरगा जागा होता. यंत्र सारखंच होतं. फरक ऐकणाऱ्यात होता.

एवढी माणसं गेल्यावर शास्त्रज्ञांच्या मनात येणं साहजिक होतं, की माणसाला पाठवायलाच हवं का? पाव्हेल मोल्चानोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं जानेवारी १९३० मध्ये फुग्याला बांधून बोलकी पेटी आकाशात सोडली होती. आमच्या ज्वारीत पडली तिचीच ही थोरली बहीण. जुलै १९३१ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ हे हवाई जहाज आर्क्टिकवरून गेलं, तेव्हा मोल्चानोव्ह त्यात होता आणि वाटेत त्यानं अशा पेट्या सोडल्या. माणूस जहाजात सुखरूप आणि पेटी एकटी ढगांच्या वर. १९७२ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी एका तरंगत्या बर्फबेटाजवळ भोक पाडून माणसाविना चालणारी लहान पाणबुडी आत सोडली. बर्फाची खालची बाजू कशी आहे, हे तिनं ध्वनिलहरींनी मोजलं. वरून सपाट दिसणारा बर्फ खालून डोंगरदऱ्यांचा असतो.

आणि जुलै २००९ मध्ये त्याच नी-आलेसुंडच्या धावपट्टीवरून अमेरिकेच्या नासा संस्थेचं ‘सिएरा’ हे वैमानिक नसलेलं विमान उडालं. समुद्रावरच्या बर्फाचा खडबडीतपणा त्याला मोजायचा होता. जुना, जाड बर्फ किती उरला आणि नवा, पातळ किती, हे त्यावरून समजतं. माणूस बसलेलं विमान बर्फाच्या इतकं जवळून तासन्‌तास नेणं जिवावरचं काम. २०१३ साली हेच ‘सिएरा’ अलास्काच्या उत्तरेला समुद्रात पडून नाहीसं झालं. नुकसान झालं, शास्त्रज्ञ हळहळले असतील. पण त्या रात्री कुठल्याही घरी चूल विझली नाही. नोबिलेच्या मोहिमेपासून ८५ वर्षांत झालेली प्रगती मोजायची, तर मी ती या एका गोष्टीनं मोजीन.

या सगळ्यात आपण कुठं आहोत? आपण त्याच गावात आहोत. आणि आपली वाट गोव्यातून जाते.

वास्कोजवळ सडा नावाचं समुद्रावर डोकावणारं पठार आहे. तिथं १९९८ साली अंटार्क्टिका आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. २०१८ पासून त्याचं नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. नारळीच्या झाडांमध्ये, घामाच्या धारांत बसून ध्रुवांचा अभ्यास करणारी ही संस्था. स्वालबार्डसंबंधीच्या १९२० च्या पॅरिस करारात ब्रिटिश साम्राज्याबरोबर हिंदुस्थानचंही नाव होतं. तो कागद आपल्याला पुढं उपयोगी पडला. २००७ च्या ऑगस्टमध्ये भारताची पहिली शास्त्रीय मोहीम आर्क्टिकला गेली आणि १ जुलै २००८ रोजी नी-आलेसुंडला ‘हिमाद्री’ हे आपलं संशोधन केंद्र उघडलं.

हे गाव पूर्वी कोळसा खाणींचं. १९६२ च्या स्फोटात २१ खाणकामगार गेले, त्यानंतर खाण बंद झाली आणि रिकाम्या घरांत हळूहळू वेगवेगळ्या देशांचे शास्त्रज्ञ राहायला आले. गावाबाहेर पडायचं तर पांढऱ्या अस्वलांसाठी बंदूक बरोबर हवी. आणि आणखी एक मजेदार नियम. तिथं दूरच्या ताऱ्यांसारख्या स्रोतांकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकून पृथ्वीचं सूक्ष्म मोजमाप करणाऱ्या तबकड्या आहेत. त्यांना अडथळा नको म्हणून आसपास २० किलोमीटरपर्यंत रेडिओ-शांतता पाळतात. वायफाय आणि ड्रोनचे नेहमीचे रिमोट ज्या लहरींवर चालतात, त्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. म्हणजे यंत्र आहे म्हणून वाटेल तेव्हा उडवलं, असं तिथं नाही. ऐकणाऱ्याचा मान आधी.

त्या गावासमोर कोंग्सफ्योर्डन ही खाडी आहे. २३ जुलै २०१४ रोजी नॉर्वेच्या ‘लान्स’ या जहाजावरून तिथं भारताची पहिली पाण्याखालची वेधशाळा सोडली गेली. नाव ‘इंडआर्क’. गोव्याची संस्था, चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आणि हैदराबादचं महासागर माहिती केंद्र यांनी मिळून ती उभी केली. ती ड्रोनसारखी उडत नाही, पाणबुडीसारखी फिरत नाही. १९२ मीटर खोल तळाशी एक जड वजन आणि त्यापासून वर ताणलेली लांब दोरी. दोरीला तरंगणारे गोळे, ते तिला उभी धरतात. वेगवेगळ्या खोलीवर बांधलेली उपकरणं पाण्याचं तापमान, खारटपणा आणि प्रवाह मोजतात. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, जेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही, तेव्हासुद्धा.

पण इथं एक अडचण आहे. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. आमच्या ज्वारीतली पेटी आकाशातून बोलू शकत होती, ही खालून बोलू शकत नाही. मोजलेलं सगळं ती पोटात साठवून ठेवते. मग जहाज घेऊन माणसांनी तिथं जायचं आणि पाण्यात एक ठरलेला आवाज सोडायचा. तो आवाज ओळखून तळाची कडी सुटते, वजन तळाशी राहतं आणि गोळ्यांच्या जोरावर उपकरणं वर येतात. ती टिपायची, बर्फगार पाण्यातून जहाजावर ओढायची, नोंदी काढून घ्यायच्या, साफसफाई करायची, नव्या बॅटऱ्या घालायच्या आणि पुन्हा सोडायची.

हे ऐकल्यावर मला आपल्या शहरातली नहर आठवते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं ती जमिनीखालून आणली. पिढ्यान्‌पिढ्या शहर ते पाणी प्यायलं. पाणी आपोआप येतं, असं लोकांना वाटत असणार. पण आपोआप काही येत नाही. कुणीतरी खाली उतरून गाळ काढत होतं. गाळ काढणारे थांबले, की चारशे वर्षांचं शहाणपणही बुजायला लागतं. ‘मानवरहित’ हा शब्द तितपतच खरा आहे. माणूस यंत्रात नसतो. पण यंत्राच्या आधी आणि यंत्राच्या नंतर तोच असतो.

म्हणूनच असेल, इतकी यंत्रं असूनही डिसेंबर २०२३ मध्ये भारतानं पहिल्यांदा हिवाळ्यात ‘हिमाद्री’त माणसं ठेवली. गोव्याच्या संस्थेबरोबर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा शास्त्रज्ञही पहिल्या तुकडीत होता. पाषाणच्या टेकडीवरून निघून सूर्य नसलेल्या गावात.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की आपल्याला त्या खाडीशी काय देणंघेणं? आपल्या विहिरीला पाणी नाही, आणि तिकडच्या पाण्याचा खारटपणा मोजून काय होणार?

आपण मराठवाड्याची माणसं पावसाकडे कशी बघतो, ते दहा वर्षांत पुन्हापुन्हा दिसलं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये चिकलठाण्याहून विमानं उडाली आणि कृत्रिम पावसासाठी ढगांत रसायनं फवारली. २०१९ मध्येही तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इतका पाऊस कोसळला, की बीड, धाराशिव, लातूर, जालन्याकडे पिकांबरोबर मातीही वाहून गेली. ज्या माणसानं पाण्याच्या गाडीची वाट पाहिली, त्याच माणसानं पाणी घरातून कधी ओसरेल याची वाट पाहिली.

आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलं आहे, असं २०२२ मधल्या एका अभ्यासात दिसलं. कोंग्सफ्योर्डनमध्ये अटलांटिकचं उबदार पाणी शिरतं आणि ती खाडी आता पूर्वीसारखी गोठत नाही. गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक शक्यता मांडली. सैबेरियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असेल, तर वरच्या हवेतल्या मोठ्या लाटांमार्फत त्याचा परिणाम पोचून मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीचे प्रसंग वाढू शकतात, अशी. लक्षात घ्या, ही शक्यता आहे. अमुक वर्षीचा पूर तिकडच्या बर्फामुळेच आला, असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. शास्त्र इतक्या घाईनं बोलत नाही. पण शक्यता तपासायची तर वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. मध्ये एक वर्ष जरी खंड पडला, तरी त्या वर्षी काय झालं ते पुन्हा कधीच मोजता येत नाही. ढगांत रसायन फवारणारं विमान लगेच दिसतं, वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. १९२ मीटर खोल उभी असलेली दोरी कुणाला दिसत नाही. दुष्काळ पडल्यावर पहिली आठवते. दुसरीला मात्र दुष्काळ नसताना पैसे आणि माणसं द्यावी लागतात.

आणि निरोपाचा शेवटचा टप्पा तर अजून बाकीच आहे. ध्रुवाकडून खाडीत, खाडीतून जहाजावर, जहाजावरून गोव्याला आणि पुण्याला, इथवर तो पोचला असं धरू. तिथून आमच्या शिवारापर्यंत? ‘तुरळक ठिकाणी मध्यम ते मुसळधार’ असं ऐकल्यावर शेतकरी एकच प्रश्न विचारतो, ‘‘म्हणजे माझ्या बांधावर का?’’ सोयाबीन आज काढू, की दोन दिवस थांबू? या प्रश्नाचं उत्तर त्याच्या भाषेत, त्याला वेळेवर मिळालं नाही, तर नान्सेनपासून ‘इंडआर्क’पर्यंतची सगळी मेहनत कबुतराच्या त्या पहिल्या दोन डाकांसारखी होईल. पाठवलेली, पण न पोचलेली.

अब्बा आता नाहीत. ते शेतही राहिलं नाही, तिथं आता घरं झाली आहेत. पण माणूस नसलेल्या यंत्राबद्दल बातमी आली, की मला कॅरिअरला बांधलेली ती पांढरी पेटी दिसते. वेधशाळेत त्या पेटीची कुणी वाट पाहत नव्हतं. तिचं बोलून झालं होतं. तरी अब्बांनी ती नेऊन दिली, कारण ज्याची वस्तू त्याला पोचली पाहिजे. बर्फावरून येणाऱ्या निरोपांचंही तेच आहे. ते आपली अमानत आहेत. मोजणारे मोजत राहतील. ते आपल्या बांधापर्यंत पोचले का, हे विचारायचं काम आपलं आहे.